पोस्ट टाकून झाली, लोकांनी वाचली, आता त्यात बदल कसा करायचा

फोन रीसेट करायच्या आधी काय काय करावं यावर मी एकदा आठ पायऱ्यांची पोस्ट लिहिली होती, आणि घाईत तिसरी पायरी पडली 'फॅक्टरी रीसेट करा' आणि चौथी पडली 'बॅकअप पूर्ण झालाय का ते तपासा'. म्हणजे अगदी उलटं. दहाएक मिनिटांत एका ताईंनी खाली लिहिलं की चौथी पायरी आधी हवी, नाहीतर फोटो परत मिळणार नाहीत. मी लगेच दोन्ही पायऱ्यांची अदलाबदल केली, सेव्ह केलं, आणि कामाला लागले. एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी परत येऊन बघते तर त्या ताईंच्या उत्तराखाली तिघाचौघांनी लिहिलेलं, 'ताई, आधी पोस्ट नीट वाचत जा, वर तेच तर लिहिलंय.' आणि त्या बिचाऱ्यांनी शेवटी लिहिलं होतं, 'हो का, माझंच वाचण्यात चुकलं असेल, सॉरी.' त्यानंतर त्या तिथे परत काही लिहिताना मला दिसल्या नाहीत.

माझी चूक ज्या बाईने पकडली तिलाच माफी मागावी लागली, आणि ती माझ्या एडिटमुळे. मी दुरुस्ती केली हे बरोबरच होतं, ती केली नसती तर कुणाचे तरी फोटो गेले असते. पण जशी केली ती पद्धत चुकली. तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरलीये: आपल्या लिहिलेल्यावर कुणी उत्तर दिलं की तो मजकूर एकट्याचा राहत नाही, त्यावर दुसऱ्याचे शब्द टेकलेले असतात, तो आधार हलवायचा तर सांगून हलवायचा. पुढे जे लिहितेय ते सगळं याच एका गोष्टीचा विस्तार आहे, फक्त प्रत्यक्षात करताना कुठे काय करायचं ते टप्प्याटप्प्याने सांगते.

पहिली पायरी: एडिटचं बटण दाबायच्या आधी खाली बघा

खाली म्हणजे पोस्टच्या खाली. कुणी उत्तर दिलंय का, कुणी तुमचं वाक्य कोट केलंय का, लाईक वगैरे पडलेत का. काहीच नसेल आणि पोस्ट टाकून दोन-चार मिनिटंच झाली असतील तर बिनधास्त हवं ते बदला, नोंद वगैरे काही लिहायची गरज नाही. जवळजवळ सगळेच पोस्ट टाकल्या टाकल्या ती परत एकदा वाचतात आणि तेव्हाच सगळ्या चुका दिसतात, का कोण जाणे पण लिहायच्या चौकटीत ज्या दिसत नाहीत त्या पोस्ट झाल्यावर डोळ्यांत घुसतात. बऱ्याच ठिकाणी या पहिल्या काही मिनिटांना सूटही दिलेली असते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साईटवर पहिल्या पाच मिनिटांत तुम्हीच केलेला बदल वेगळी आवृत्ती म्हणून नोंदला जात नाही, डिस्कोर्स नावाचं चर्चामंच चालवायचं सॉफ्टवेअर जिथे जिथे वापरतात तिथेही मुळात पाच मिनिटांचीच सवलत ठेवलेली असते. अशा गुपचूप पटकन केलेल्या बदलाला 'निंजा एडिट' म्हणतात.

पण ही सूट यंत्राने दिलेली आहे, माणसांनी नाही, हे लक्षात ठेवा. पाच मिनिटांतही कुणी वाचून उत्तर दिलेलं असू शकतं, आणि एडिट करायला तुम्ही पान उघडून बसलात त्या वेळातही कुणीतरी खाली टाईप करत असू शकतं. म्हणून मी काय करते, सेव्ह करायच्या आधी दुसऱ्या टॅबमध्ये तेच पान उघडून बघते की दरम्यान काही आलंय का. आलं असेल तर तो बदल आता निंजा राहत नाही, मग पुढच्या पायऱ्या लागू होतात.

दुसरी पायरी: बदल कुठल्या जातीचा आहे ते ठरवा

ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, अनुस्वार राहिलाय, एक शब्द दोनदा आलाय, लिंक तुटलीये, परिच्छेद पाडायचा राहिलाय, असल्या गोष्टी केव्हाही गुपचूप नीट कराव्यात. यासाठी खाली 'एडिट: शुद्धलेखन' लिहिलंत तरी चालतं, नाही लिहिलंत तरी कुणाचं काही बिघडत नाही. फक्त एक अपवाद, त्या चुकीवरच खाली कुणी बोललं असेल, म्हणजे 'तुम्हाला दीन नाही दिन म्हणायचंय ना' असं, तर मग त्याला किमान 'हो, केलं, थँक्यू' एवढं उत्तर द्या, नाहीतर तो माणूस हवेत बोलल्यासारखा दिसतो.

आता खरी गंमत अशी की मराठीत अक्षरं मोजून बदल लहान की मोठा ते ठरत नाही. 'न' हे एकच अक्षर आहे. 'बॅटरी काढता साफ करा' असं काहीतरी अर्धवट पडलंय, आणि तुम्ही त्याचं 'बॅटरी न काढता साफ करा' केलंत की 'बॅटरी काढून साफ करा' केलंत, यात सगळा फरक आहे. 'अपडेट करा' आणि 'अपडेट करू नका' यातला 'नका' कीबोर्डने खाल्ला तर तुमचा सल्ला थेट उलटा होतो. आकड्यांचंही तसंच, एक शून्य जास्त पडलं की झालं. हे सगळं टायपो म्हणूनच सुरू झालेलं असतं आणि लिहिणाऱ्याला मनापासून वाटतं की मी फक्त टायपो सुधारला. तेव्हा स्वतःला विचारायचा प्रश्न असा: जुनं वाचून कुणी काही केलं असेल तर नवीन वाचून तो वेगळं काही करेल का? उत्तर हो असेल तर तो टायपो नाही, ती दुरुस्ती आहे, आणि ती सांगावी लागते.

तिसरी जात म्हणजे भर. माहिती चुकीची नव्हती, अपुरी होती, आता आणखी एक परिच्छेद जोडायचाय. हे सोपं आहे, शेवटी जोडा आणि 'नंतर जोडलेलं' असं वर लिहा. मधे घुसवू नका, कारण ज्यांनी आधी वाचलंय त्यांना नवीन काय आहे ते शोधायला सगळं पुन्हा वाचावं लागतं.

आणि चौथी, मतातला बदल. तुम्ही म्हणाला होतात की अमुक गोष्ट निरुपयोगी आहे, लोकांनी समजावलं, तुम्हाला पटलं. मूळ मत पुसून नवीन मत तिथे लिहू नका, प्लीज. ज्यांनी तुम्हाला समजावलं त्यांची सगळी मेहनत त्यात गायब होते आणि ते भिंतीशी भांडल्यासारखे दिसतात. जुनं राहू द्या, खाली लिहा की माझं मत बदललं आणि कशाने बदललं. मला तर अशा पोस्ट सगळ्यात जास्त आवडतात, कारण माणसाने नेमक्या कुठल्या मुद्द्यावर विचार बदलला ते त्यात दिसतं आणि पुढच्या वाचणाऱ्याला त्याचा खरा उपयोग होतो.

तिसरी पायरी: तुम्ही जिथे लिहिताय तिथे इतरांना काय दिसतं ते माहीत करून घ्या

हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि त्यावर तुमची जबाबदारी कमी-जास्त होते. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२३ च्या मे महिन्यात एडिट आलं, पाठवल्यापासून पंधरा मिनिटं बदल करता येतो, बाजूला 'एडिटेड' असं दिसतं, पण आधी काय होतं ते समोरच्याला दिसत नाही. डिसकॉर्ड या ग्रुप गप्पांच्या अ‍ॅपवरही तसंच, नुसता शिक्का, जुना मजकूर नाही. आयफोनच्या आयमेसेजमध्ये पंधरा मिनिटांत पाच वेळा बदलता येतं आणि तिथे मात्र शिक्क्यावर टॅप केलं की आधीच्या आवृत्त्या दिसतात. सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवर चोवीस तास मुदत आहे आणि तिथेही इतिहास दिसतो. फेसबुकवर पोस्टची एडिट हिस्टरी उघडता येते, प्रोग्रॅमर जिथे कोड ठेवतात त्या गिटहबवर कमेंटच्या डोक्यावरच्या 'एडिटेड' वर क्लिक केलं की काय खोडलं काय जोडलं ते रंगात दिसतं, आणि विकिपीडियावर तर प्रत्येक बदल वेळेसकट कायमचा नोंदलेला असतो.

जिथे इतिहास दिसतो तिथे नोंद लिहिण्याची निकड थोडी कमी, कारण शंका आली तर बघणारा बघू शकतो. थोडीच कमी, पूर्ण नाही, कारण प्रत्यक्षात इतिहास उघडून बघणारे फार थोडे असतात. आणि जिथे नुसता शिक्का दिसतो तिथे उलट जास्त काळजी घ्यावी लागते. 'एडिटेड' एवढं दिसलं की वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो की याने काय लपवलं, आणि तुम्ही बिचारे फक्त स्वल्पविराम टाकलेला असता. अशा ठिकाणी दोन शब्द लिहिले की संशय संपतो.

काही गोष्टी एडिट करताच येत नाहीत, ते टाकायच्या आधी माहीत असलेलं बरं. रेडिट या चर्चेच्या साईटवर पोस्टचा मजकूर बदलता येतो पण शीर्षक नाही. त्यामुळे शीर्षकात आकडा किंवा दावा चुकला असेल तर मजकुराच्या पहिल्याच ओळीत लिहा की 'शीर्षकात अमुक चुकलंय, बरोबर असं आहे.' यूट्यूबवर तुमच्या कमेंटला चॅनलवाल्याने हार्ट दिलं असेल आणि नंतर तुम्ही ती एडिट केलीत तर हार्ट निघून जातं. आधी हार्ट मिळवायचं आणि मग मजकूर भलताच करायचा, हा प्रकार त्यामुळे तिथे चालत नाही. बाकी ठिकाणी लाईक तसेच राहतात, आणि म्हणूनच ती जबाबदारी आपली होते. ऐंशी लोकांनी ज्या वाक्याला लाईक दिलंय ते वाक्य बदलणं म्हणजे सह्या घेऊन झाल्यावर अर्जातला मजकूर बदलण्यासारखं आहे.

चौथी पायरी: नोंद लिहा, आणि ती कामाची लिहा

नुसतं 'एडिट केलंय' किंवा 'अपडेटेड' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. नोंदीत तीन गोष्टी याव्यात, आधी काय होतं, आता काय आहे, आणि का बदललं. चौथी म्हणजे कुणी लक्षात आणून दिलं असेल तर त्याचं नाव. माझ्या त्या रीसेटच्या पोस्टवर मी जी नोंद नंतर टाकली ती साधारण अशी होती:

'एडिट, १४ जून, रात्री ९: आधी पायरी ३ मध्ये रीसेट आणि पायरी ४ मध्ये बॅकअप तपासणं असा उलटा क्रम लिहिला होता. तो चुकीचा होता, तसं केलं तर फोटो जातील. आता क्रम बरोबर केलाय. खाली पहिल्या उत्तरात ताईंनी ही चूक दाखवली, त्यांचं उत्तर जुन्या मजकुरावर आहे.'

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. 'त्यांचं उत्तर जुन्या मजकुरावर आहे' एवढ्या पाच शब्दांनी खालचं सगळं बोलणं परत अर्थपूर्ण होतं. ते मी दुपारीच लिहिलं असतं तर संध्याकाळचं काहीच घडलं नसतं.

तारीख लिहा, 'आज' किंवा 'आत्ता' लिहू नका. वाचणारा तीन महिन्यांनी येतो आणि त्याचा आज वेगळा असतो.

नोंद कुठे लिहायची? जुनं वाचून कुणाचं नुकसान होऊ शकत असेल तर सगळ्यात वर. बाकी सगळ्या नोंदी खाली. लोक सगळ्याच नोंदी वर लिहितात आणि मग असं होतं की पोस्ट उघडली की आधी 'एडिट १', 'एडिट २', 'एडिट ३' आणि मग कुठेतरी मूळ मुद्दा, वाचणारा तिथपर्यंत पोचायच्या आधीच कंटाळतो.

खोडून दाखवायची सोय असेल तर तीही वापरा. व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक लाटेसारखं चिन्ह टाकलं की शब्दावर रेघ येते, रेडिट आणि डिसकॉर्डवर दोन-दोन टाकायची. वेबची जी मूळ भाषा आहे, एचटीएमएल, तिच्या १९९७ च्या चौथ्या आवृत्तीतच 'हे काढलंय' आणि 'हे नवीन घातलंय' यासाठी दोन वेगळ्या खुणा ठेवल्या गेल्या, आणि त्यात बदल कधी केला ती वेळ लिहायलाही जागा ठेवली. म्हणजे ही गरज काही आजची नाही. रेघ मारण्याचा फायदा हा की जुनं आणि नवं एका नजरेत दिसतं, खाली ज्याने जुन्यावर उत्तर दिलंय तो बरोबर होता हेही दिसतं.

पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती सांगितलीच पाहिजे. जे लोक स्क्रीन रीडरने ऐकून वाचतात त्यांना ही रेघ बऱ्याचदा कळतच नाही, कारण रीडर तो शब्द साध्या शब्दासारखाच वाचतो. मग '८० नाही ८' असं जे आपल्याला रेघेमुळे स्पष्ट दिसतं ते त्यांना '८० ८' असं ऐकू येतं, आणि मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तरी रेघ बरेचदा उडते आणि चुकीचा शब्द तेवढा जिवंत राहतो. म्हणून रेघ मारलीत तरी शब्दांत पण लिहा, 'आधी ८० लिहिलं होतं, ते चूक, ८ हवं'. आणि पूर्ण परिच्छेदच्या परिच्छेद रेघ मारून ठेवू नका, ते कुणालाच धड वाचता येत नाही, तिथे सरळ काढा आणि नोंदीत काय काढलं ते एका वाक्यात सांगा.

पायऱ्यांना नंबर दिलेले असतील तर आणखी एक पथ्य. मधे नवीन पायरी घालून सगळे नंबर पुढे सरकवू नका. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं की 'पायरी ५ ला अडकलोय', आणि तुमच्या एडिटनंतर ती पायरी ५ म्हणजे भलतीच कुठलीतरी होते, मग उत्तर देणारे वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत बसतात. '४अ' करा. दिसायला ओबडधोबड दिसतं पण सगळ्यांचे संदर्भ शाबूत राहतात. माझ्या त्या पोस्टमध्ये पण हाच घोळ झाला होता, एकजण 'चौथ्या पायरीला गाडी अडली' म्हणून विचारत होता, तो जुन्या चौथीबद्दल बोलत होता आणि सगळे त्याला नव्या चौथीचं सांगत होते, वीसेक मिनिटं हे चाललं होतं.

पाचवी पायरी: ज्यांनी आधीच वाचलंय त्यांच्यापर्यंत पोचा

ही पायरी जवळजवळ सगळेच विसरतात. एडिट केल्याने साधारणपणे कुणालाही नोटिफिकेशन जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज बदलला की ज्याने तो सकाळी वाचला तो परत वर जाऊन बघणार नाही. डिसकॉर्डवर तर एडिट करून त्यात एखाद्याचं नाव टॅग केलं तरी त्याला सूचना जात नाही, लोकांना वाटतं गेली, आणि ते वाट बघत बसतात. शिवाय तुमचा जुना मजकूर किती ठिकाणी पोचलाय याचा विचार करा: कुणाला ईमेलने आलाय, कुणी कोट केलाय, कुणी स्क्रीनशॉट काढलाय, कुणी फॉरवर्ड केलाय. फॉरवर्ड झालेली प्रत तुमच्या एडिटने बदलत नाही, ती तिकडे तशीच फिरत राहते.

म्हणून दुरुस्ती जर महत्त्वाची असेल तर एडिट अधिक नवीन मेसेज, दोन्ही. एडिट नव्याने येणाऱ्यांसाठी आणि नवीन मेसेज आधी येऊन गेलेल्यांसाठी. नवीन मेसेज छोटा ठेवा, 'वरच्या पोस्टमध्ये पायरी ३ आणि ४ चा क्रम चुकला होता, बदललाय, ज्यांनी कॉपी केलंय त्यांनी कृपया परत बघा' एवढंच. ज्याने तुमचं चुकीचं वाक्य कोट करून त्यावर पुढे काही रचलंय त्याला वेगळं सांगा, नाव घेऊन. वेळेचा, जागेचा, तारखेचा मेसेज असेल तर नुसतं एडिट कधीच पुरेसं नाही, भेटायची वेळ ५ वरून ४ केली आणि फक्त जुना मेसेज एडिट केला तर अर्धे लोक ५ लाच येणार आणि त्यांची काही चूक नसणार.

सहावी पायरी: प्रश्न विचारणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

प्रश्न एडिट करताना आणखी जपावं लागतं. उत्तरं यायला लागल्यावर प्रश्नाचा रोख बदलू नका. तुम्ही विचारलं होतं प्रिंटर वायफायला का जोडला जात नाही, कुणी उत्तर दिलं, ते जमलं, आता प्रिंट फिकी येतेय म्हणून तुम्ही तोच प्रश्न बदलून फिक्या प्रिंटचा केलात, तर आधीचं बरोबर उत्तर आता चुकीचं ठरतं आणि त्याला नापसंतीची मतं पडायला लागतात. दुसरा प्रश्न म्हणजे दुसरी पोस्ट, जुन्याची लिंक द्या हवं तर. हो, जास्तीचे तपशील जरूर घाला, कुठलं मॉडेल, कुठला एरर दिसतो, काय काय करून बघितलं, ते कुणी विचारलं असेल तर मूळ प्रश्नातच घाला आणि खाली त्याला सांगा की वर लिहिलंय, म्हणजे पुढच्याला तीस कमेंट वाचाव्या लागत नाहीत.

आणि प्रश्न सुटला की 'सुटलं, थँक्स' लिहून निघून जाऊ नका, कसं सुटलं ते लिहा. दोन ओळी पुरे. तोच प्रश्न घेऊन शोधत शोधत तिथे पोचलेल्या माणसाला 'सुटलं' एवढंच वाचून काय वाटत असेल ते मी स्वतः कितीतरी वेळा अनुभवलंय.

उत्तर मिळाल्यावर प्रश्नच डिलीट करणं, किंवा एडिट करून त्याच्या जागी नुसता एक टिंब ठेवणं, हे तर करूच नका. ज्याने अर्धा तास घालून तुम्हाला उत्तर लिहिलं त्याचं ते लिखाण अनाथ होतं. स्टॅक ओव्हरफ्लोवर तर प्रश्नाला मतं मिळालेलं उत्तर आलं की विचारणाऱ्याला तो डिलीट करताच येत नाही, त्यामागे हेच कारण आहे, उत्तर हे विचारणाऱ्यापुरतं नसतं. नाव किंवा ओळख उघड होतेय म्हणून लाज वाटत असेल तर तेवढे तपशील काढा, प्रश्न राहू द्या.

रागात लिहिलेलं

याला पायरी म्हणत नाही कारण याची वेळ न आलेलीच बरी, पण येते. रागात काहीतरी लागेल असं लिहून गेलो, आता शांत झालो, आता ते वाक्य तिथे दिसतंय. गुपचूप काढलं आणि ज्याला लागलं त्याचं चिडलेलं उत्तर खाली तसंच राहिलं, तर नवीन येणाऱ्याला वाटतं हा माणूस विनाकारण अंगावर आला. आणि तसंच ठेवलं तर ते बोचणारे शब्द तिथे सगळ्यांना दिसत राहतात. अशा वेळी मला योग्य वाटतं ते असं की शब्द काढावेत पण ते होते हे ठेवावं: 'इथे मी अमुक यांच्याबद्दल अपमानास्पद बोलले होते, ते काढलंय, त्यांचं खालचं उत्तर त्यावर आहे.' आणि माफी एडिटमध्ये मागू नये, वेगळ्या उत्तरात मागावी, त्याला दिसेल अशी. भांडण चालू असताना तर आपली जुनी वाक्यं अजिबात हलवू नका, टायपोसुद्धा नाही, कारण त्या क्षणी तुमचा प्रत्येक बदल पुरावा पुसल्यासारखाच वाटणार.

तसंच एडिटमधून वाद घालायचा नाही. 'एडिट: खाली जे लोक म्हणतायत की…' असं म्हणून पोस्टमध्येच सगळ्यांना उत्तरं द्यायला लागलं की बाकीच्यांचं म्हणणं खाली राहतं आणि तुमचं उत्तर कायम सगळ्यांच्या वर. ते बरोबरीचं बोलणं राहत नाही. उत्तराला उत्तर खालीच द्या. 'एडिट: एवढे लाईक, धन्यवाद' हेही काढून टाका, त्याने मजकूर फक्त लांबतो.

जिथे हे सगळं बाजूला ठेवायचं

चुकून स्वतःचा किंवा दुसऱ्या कुणाचा फोन नंबर, पत्ता, पासवर्ड, ओटीपी, कुणाच्या आजाराची माहिती, लहान मुलाचा फोटो असं काही पोस्ट झालं तर नोंद-बिंद काही नाही, आधी काढा. रेघ मारू नका, काढा. मग इतिहास दिसणारी जागा असेल तर इतिहासातूनही काढा, गिटहबवर कमेंटची जुनी आवृत्ती तुम्हाला स्वतःला इतिहासातून काढता येते, इतर ठिकाणी मॉडरेटरला किंवा अ‍ॅडमिनला लिहा, हे काम ते लगेच करतात. आणि पासवर्ड असेल तर काढून थांबू नका, बदला, कारण मधल्या दोन मिनिटांत तो कुणी बघितला, कुणाच्या ईमेलमध्ये गेला, हे कळायला मार्ग नाही. नोंद लिहायचीच तर 'खासगी माहिती काढली' एवढीच लिहा, कुठली ते नको, आणि कुणी ती कोट केली असेल तर त्याला खासगीत सांगून काढायला लावा.

आणखी एक वेगळी जागा म्हणजे असा मजकूर जो संदर्भ म्हणून वाचला जातो, गप्पा म्हणून नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवरचं उत्तर, विकिपीडियावरचा लेख, ग्रुपवर पिन केलेली नियमावली. तिथे इतिहास मागे साठवलेला असतो आणि पहिल्यांदा येणाऱ्याला नीटनेटका मजकूर हवा असतो, म्हणून तिथे 'एडिट १, एडिट २' चिकटवत जाणं चांगलं मानत नाहीत, सरळ मजकूरच दुरुस्त करायचा आणि बदलाचा सारांश त्यासाठी दिलेल्या वेगळ्या चौकटीत लिहायचा. विकिपीडियात हा फरक फार छान दिसतो, लेखात हवा तेवढा बदल करा, सारांश लिहा, बस, पण त्याच लेखाच्या चर्चा पानावर तुमचं स्वतःचं वाक्यसुद्धा कुणी उत्तर दिल्यानंतर गुपचूप बदलू नये अशी रीत आहे, तिथे खोडून नवीन लिहायचं. एकाच लेखाची दोन पानं, दोन रीती, कारण एकीकडे माहिती आहे आणि दुसरीकडे माणसं बोलतायत.

वर्षांनुवर्षं जुनी पोस्ट

तुमची तीन-चार वर्षांपूर्वीची पोस्ट अजून कुणीतरी वाचतंय आणि त्यातली पद्धत आता चालत नाही, मेनू बदललाय, बटण दुसरीकडे गेलंय. पूर्ण नव्याने लिहायचा मोह होतो. खाली चाळीस उत्तरं जुन्या पद्धतीवर असतील तर तसं करू नका, वर एक ओळ टाका की 'हे अमुक साली लिहिलेलं आहे, तमुक आवृत्तीपर्यंत चालतं, नवीन पद्धत इथे लिहिलीये' आणि नवीन पोस्टची लिंक द्या. जुनी आवृत्ती वापरणारे लोक असतातच, जुना फोन वर्षानुवर्षं वापरणारे तर भरपूर, त्यांना तीच पोस्ट हवी असते. तुटलेल्या लिंक मात्र दिसतील तेव्हा बदला, त्यासाठी कुणाला सांगायची गरज नाही. आणि पोस्ट वर यावी म्हणून उगाच एक स्वल्पविराम हलवून सेव्ह करू नका, काही ठिकाणी एडिट केलं की विषय परत यादीत वर येतो आणि लोक नवीन काय म्हणून उघडून बघतात, त्यांचा वेळ जातो.

माझी ती रीसेटची पोस्ट अजून तिथे आहे. वरची नोंदही आहे, आणि ताईंच्या उत्तराखाली माझं एक उत्तर आहे की तुम्ही बरोबर होतात, मी न सांगता बदललं. ते मी दुसऱ्या दिवशी लिहिलं. त्याच्याखाली त्या चौघांपैकी दोघांनी येऊन सॉरी म्हटलं.